आग्रहाचा दोष कोणाकडे?

‘व्यसन’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ केवळ वाईट सवय एवढाच नाही. संकट, आपत्ती, अधःपात असाही आहे. मद्याचा पहिला प्याला ओठाला लावणाऱ्यास मात्र आपत्तीचे रूप दिसत नसते. त्याला दिसते चार माणसांचे वर्तुळ आणि त्यात आपल्यासाठी धरून ठेवलेली जागा. नोकरीनिमित्त परगावी आलेला तरुण पहिल्या महिन्यात एकटा जेवतो. मग कोणी ‘आज बसू या’ म्हणून बोलावतो. या ‘बसू या’मध्ये मद्याचा उच्चारही नसतो, आमंत्रण असते ते आपलेपणाचे. नको म्हटले तर आपण शहाणपणा मिरवतो असे लोकांना वाटेल, या भयाने तो हात पुढे करतो. चव त्याला आवडलेली नसते. तो मद्य पितच नाही. तो सोबत पितो.

येथे अशी शंका घेतली जाते की, प्याला त्याने स्वतः उचलला, कोणी हात धरून पाजला नाही. तेव्हा दोष सर्वस्वी त्याचाच होय. ही शंका अर्धी खरी आहे. पहिल्या प्याल्याची जबाबदारी पिणाऱ्यास टाळता येत नाही. परंतु योगसूत्रांनी हिंसादी दोषांचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः केलेला, दुसऱ्याकडून करविलेला आणि केल्यास मान डोलावलेला. हा विवेक बैठकीला लावून पाहिला, तर पाजणारा ‘कारित’ दोषाचा धनी ठरतो, आणि नाही म्हणणाऱ्यास हसणारा ‘अनुमोदित’ दोषाचा. आपल्याकडे मात्र आग्रहाला दोष मानण्याची रीत नाही. आग्रह म्हणजे आदरातिथ्य! पुरणपोळीच्या पंगतीतला आग्रह आणि मद्याच्या बैठकीतला आग्रह एकाच शब्दाने ओळखले जातात, हे भाषेचे दारिद्र्य म्हणावे लागेल.

महाभारताच्या मौसलपर्वात याचे विदारक चित्र आहे. यादवांच्या नगरीत कोणीही मद्य गाळू नये, गाळील त्यास बांधवांसह सुळावर चढविले जाईल, अशी दवंडी पिटविली गेली. भयापोटी सर्वांनी ती पाळली. पुढे तेच यादव प्रभासतीर्थी एकत्र जमले आणि भगवान श्रीकृष्णांच्या समक्ष मद्य घेऊन बसले. सात्यकी व कृतवर्मा यांच्यात शब्दाने शब्द वाढला आणि कुळाचा अंत झाला. सुळाच्या भयाने जे नगरात थांबले होते, ते सोबतीत एका दिवसात सुटले. राजशासन मद्याचे दुकान बंद करू शकते, सोबतीची ओढ बंद करू शकत नाही.

व्यसन जडल्यानंतर ‘इच्छा असती तर सोडली असती’ हे वाक्य घरोघर ऐकू येते. ज्या इच्छेने सोडायचे, तीच येथे रोगग्रस्त झालेली असते. अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने 1956 मध्ये मद्यासक्ती हा उपचारयोग्य आजार असल्याचे मान्य केले. मद्य मज्जासंस्थेला मंद करते. मेंदू त्याविरुद्ध आपला जोर वाढवून समतोल राखतो. मद्य एकाएकी थांबले की तो वाढलेला जोर मोकळा सुटतो. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, क्वचित प्राणही जातो. म्हणून वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याकडून देवापुढे शपथ घेववून त्याच रात्री बाटली फोडणे ही श्रद्धा नव्हे, साहस आहे. शपथ अवश्य घ्यावी. पण वैद्याच्या देखरेखीखाली.

शरीर सात-आठ दिवसांत बहुधा सावरते. खरी कसोटी पुढे असते, कारण ज्या वर्तुळासाठी तो प्याला, ते वर्तुळ तेथेच असते. 1935 मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा दलाल, काही महिने मद्यमुक्त राहिलेला, ॲक्रन गावी गेला असता धंद्यात अपयशी ठरला. उतारशाळेतील मद्यगृह त्याला खुणावू लागले. त्याने तेथे न जाता दूरध्वनी करून आपल्यासारख्याच एका मद्यासक्ताचा शोध घेतला. तो निघाला शल्यविशारद रॉबर्ट स्मिथ. त्या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. विशेष हे की विल्सन उपदेश करण्यास गेला नव्हता, स्वतः वाचण्यास गेला होता. पुण्यात डॉ. सुनंदा अवचट व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही सुटका झालेली माणसेच पुढच्या माणसाचा हात धरताना आढळतात. संगतीने लागलेले संगतीनेच सुटते, हे शास्त्रकारांनी सत्संगाविषयी सांगितलेलेच आहे. मात्र येथे संत म्हणून समोर येणारा स्वतः पडून उठलेला असतो.

एकाच्या सोबतीचे बळ केवढे, याचा पुरावा सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या 1951 च्या सुमाराच्या प्रयोगांत मिळतो. त्याने रेषांची लांबी ओळखण्यास सांगितले आणि बाकीच्यांकडून मुद्दाम चुकीचे उत्तर देवविले. पुष्कळांनी डोळ्यांना दिसत असलेले खरे सोडून इतरांच्या सुरात सूर मिळविला. परंतु त्या घोळक्यात एकानेच खरे उत्तर दिले, तेव्हा बहुतेकांचे पाय स्थिर राहिले. बहुमत लागले नाही, एक पुरला.

मद्यमुक्त झालेला मनुष्य घरच्या लग्नात जातो, तेव्हा नातलग दोन टोके गाठतात. कोणी ‘आता एवढ्याने काय होते’ म्हणून पेला पुढे करतो. कोणी चारचौघांत त्याच्या त्यागाची स्तुती करून त्याचा भूतकाळ वेशीवर टांगतो. दोन्हींत तो एकटाच पडतो. अशा वेळी एखादा थोरला मामा काही न बोलता स्वतःसाठी ताकाचा पेला मागवतो आणि दुसरा त्याच्यापुढे सरकवतो. मग दोघेही वऱ्हाडाच्या गाडीला उशीर का झाला, याविषयी बोलू लागतात.