पितळी सर्प आणि आपण

श्रावण सरता सरता नागपुरात पोळा येतो, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि पाठोपाठ गणेशोत्सव. या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या मातापित्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. शेजारची मुले सजविलेले लाकडी बैल घेऊन निघतात. त्यांत आपल्या लेकराला पाठवावे काय? शेजारणीने प्रेमाने आणलेला प्रसाद घ्यावा काय? प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला बगल देणे योग्य नव्हे.

करिंथ येथील ख्रिस्ती जनांपुढे असाच प्रश्न होता. संत पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या व दहाव्या अध्यायांत त्याचे उत्तर आहे. मूर्तिपूजेपासून दूर राहा, प्रभूच्या मेजावर आणि मूर्तीच्या मेजावर एकाच वेळी बसू नका, असे तो निक्षून सांगतो. परंतु यजमानाने वाढलेल्या ताटाची चौकशी करीत बसू नका, असेही तोच सांगतो. मात्र हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी म्हटले, तर त्याच्या विवेकासाठी ते खाऊ नये. सारांश, पूजेत आपण सहभागी होऊ शकत नाही. पण लेकरांच्या खेळण्यात सोन्याचे वासरू शोधण्याचेही कारण नाही. प्रसाद नाकारायचा झाल्यास तो हात जोडून नाकारावा, तिरस्काराने नव्हे. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा त्याज्य मानीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली घोषित केलेच आहे.

आमची खरी चिंता वेगळी आहे. मूर्तिपूजेविषयीचे पवित्र शास्त्रातील इशारे आपण शेजाऱ्याच्या अंगणाकडे तोंड करून वाचतो. वस्तुतः ते देवाच्या प्रजेलाच उद्देशून आहेत. निर्गमाच्या बत्तिसाव्या अध्यायात सोन्याचे वासरू घडविणारे लोक परके नव्हते. समुद्रातून कोरड्या पायांनी पार झालेले तेच ते लोक. त्यांनी घरच्यांच्या कानांतील कुंडले काढून दिली. अहरोनाने वासरापुढे वेदी बांधली आणि उद्या परमेश्वराचा सण आहे, असे जाहीर केले. नाव परमेश्वराचेच राहिले, देव मात्र बदलला.

पितळी सर्पाची कथा तर अधिक बोलकी आहे. रानात सर्पदंश झालेले लोक वाचावेत म्हणून मोशेने तो देवाच्याच आज्ञेने घडविला होता. पुढे कित्येक पिढ्या गेल्या. लोक त्या सर्पापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. म्हणजे देवाने दिलेली पवित्र वस्तूदेखील मूर्ती बनू शकते.

तुम्ही कॅथोलिक पुतळे पूजता, असा आक्षेप आपल्यावर घेतला जातो. प्रतिमेला दिलेला मान जिची ती प्रतिमा आहे तिला पोहोचतो, आणि आराधना केवळ देवाची, हे उत्तर ७८७ सालच्या दुसऱ्या नीकिया महासभेने दिले आहे. उत्तर अचूक आहे. पण ते पाठ असल्याने आपण निर्दोष ठरत नाही. नऊ दिवस नोव्हेना करून दहाव्या दिवशी देवाकडे हिशेब मागणारा भाविक देवाला आपला चाकर समजतो. पवित्र मरियेने तर स्वतःला प्रभूची दासी म्हटले होते.

पौल कलस्सैकरांना लोभ हीच मूर्तिपूजा असे लिहितो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली पैशाच्या पूजेला सोन्याच्या वासराचेच नवे रूप म्हटले होते. मुलीच्या लग्नासाठी इतवारीच्या सराफ्यात कर्ज काढून सोने घेणारा बाप नेहमीच लोभी नसतो. लोकांच्या तोंडाला तो भितो. पण लोकांचे तोंड हेही दैवतच, आणि मूर्ती बळी मागितल्यावाचून राहत नाही. हिन्नोमच्या खोऱ्यात आईबाप मुलांना अग्नीत अर्पण करीत, म्हणून यिर्मया संदेष्टा शोक करतो. गुणांच्या टक्केवारीसाठी लेकराचे बालपण आणि त्याची रविवारची मिस्सा हिरावून घेताना आपण काय अर्पण करतो, याचा विचार व्हावा.

याहून जुनी एक मूर्ती आपल्या घरांत आहे: जात. सोयरीक जुळविताना बाप्तिस्म्याच्या दाखल्याआधी पोटजात विचारली जाते. ज्या धर्माने जातीला आधार दिला तो सोडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षाभूमी आपल्या शहरात आहे. एकाच प्रभूचे शरीर स्वीकारणारे आपण ताट आणि सोयरीक यांत जात राखतो, तेव्हा त्या भूमीसमोर कोणत्या तोंडाने उभे राहणार? जातीसाठी ख्रिस्ताला बाजूला सारणे याला मूर्तिपूजेवाचून दुसरे नाव नाही.

मग मूर्ती ओळखावी कशी? जिच्यासाठी आपण देवाची आज्ञा मोडायला तयार होतो, आणि जिला कोणी हात लावल्यास आपला संताप अनावर होतो, तीच आपली मूर्ती. आज संध्याकाळी रोझरीनंतर प्रत्येक कुटुंबाने हा प्रश्न आपल्याच घराला विचारावा. हिज्कीयाने फोडलेला सर्प शेजारच्या राष्ट्राचा नव्हता. तो त्याच्याच पूर्वजांचा, मोशेच्या हातचा होता. ते धैर्य प्रभू आपल्याला देवो.