आपलेच आपल्याला उसने

वय वाढले की माणूस पुढे जातो असे म्हणतात. पण त्याच्या दोन गोष्टी मात्र निष्ठेने मागे मागे जात असतात. एक कपाळावरचे केस आणि दुसऱ्या दातांच्या हिरड्या. केस मागे गेले की साऱ्या आष्ट्याला दिसते. एस. टी. स्टँडवरचा चहावालासुद्धा 'काय साहेब, मैदान वाढलं!' म्हणून आस्थेने चौकशी करतो. हिरड्या मागे गेल्या तर त्या कुणालाच दिसत नाहीत. ते फक्त गार पाण्याला आणि कडक भाकरीला कळते. 'दात लांब झाले' असे आपण म्हणतो खरे, पण या वयात दात कसले वाढतात! घर तेवढेच असते, पायाची माती खचलेली असते.

हा विषय आमच्या घरात चिंतनाचा म्हणून नव्हे, तर पैशांचा म्हणून आला. भाच्याला लग्नाआधी डोक्यावर केस लावून घ्यायचे होते. आणि त्याच्या आईला, म्हणजे माझ्या आक्काला, सांगलीच्या दाताच्या डॉक्टरांनी हिरडीचे कलम करायला सांगितले होते. चाळीस वर्षांची मिश्री आणि तीही भांडी घासावीत तशी दाबून घासलेली. हिरड्या तरी किती दिवस धीर धरणार? उसाचे बिल मात्र एकच आले होते. आता ते पोराच्या डोक्यात घालायचे की आईच्या तोंडात, एवढाच प्रश्न होता.

म्हणून दोन्ही शस्त्रक्रियांची माहिती काढली, तेव्हा कळले की या सख्ख्या बहिणी आहेत. दोघींतही नवे काही निर्माण होत नाही. घरचेच घरात हलवायचे असते. हिरडीसाठी टाळूचा पातळ तुकडा काढून उघड्या पडलेल्या मुळावर टाक्यांनी बसवतात. केसांसाठी डोक्यामागचे केस मुळासकट काढून पुढे लावतात. कधी कातडीची पट्टी कापून, तर कधी एकेक मूळ वेगळे काढून.

मागचेच केस का, हे आमच्या ऊसवाल्यांना समजावून सांगायची गरज नाही. ८६०३२ची कांडी कुणाच्याही रानात लावा, उगवणार ८६०३२च. मागच्या केसांचा वाणच सहसा न गळणारा असतो आणि पुढे नेला तरी तो बदलत नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइश यांनी १९५२ मध्ये हे करून पाहिले आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. पण बियाण्याचा मळा तेवढाच असतो, आणि त्याला खोडवा येत नाही. काढलेल्या जागी पुन्हा उगवत नाही. शिवाय लावलेले शाबूत राहिले तरी आजूबाजूचे जुने गळायचे ते गळतातच. लावलेले केसही पहिल्या महिना-दीड महिन्यात बहुतेक झडतात; मुळे आत असतात, म्हणून घाबरायचे नसते. तीन-चार महिन्यांनी ते उगवू लागतात आणि खरा निकाल वर्षाने लागतो. ज्याचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आहे, त्याने टोपीच घ्यावी.

हिरडीचेही असेच. कलमापेक्षा टाळूची जखमच जास्त दुखते. दोनेक आठवडे मऊ खायचे आणि त्या जागी ब्रश लावायचा नाही. तंबाखू-मिश्री चालू ठेवली तर कलम धरण्याची आशा कमी. दातांच्या मधले हाड झिजले असेल तर मूळ पुरते झाकले जाईलच असे नाही. सरकलेली हिरडी आपोआप परत येत नाही. पण सरकणे थांबले असेल तर प्रत्येकाला कलम लागतेच असेही नाही.

आता तुमचा निकाल मला इथे बसून ऐकू येतो: आईची ती गरज, पोराची ती चैन. पण जरा थांबा. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नाक करून दिले. ती हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली, आणि १८१४ मध्ये डॉ. कार्प्यू यांनी तिकडे तशीच शस्त्रक्रिया केली. कावसजी नाकाशिवायही श्वास घेतच होता. पण चारचौघांत तोंड दाखवता यावे, हीही गरजच की! गावाने टकलाला हसायचे, मुलीकडच्यांनी फोटो परत पाठवायचा आणि वर पोराला चैनी म्हणायचे, हा कुठला न्याय?

वाईट आहे ते आंधळेपणाने मान पुढे करणे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत हजारो केस लावून घेतले आणि दोन दिवसांत तो गेला. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगावे लागले, की नुसत्या कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे काम शिकता येत नाही. यूट्यूबवर बटाटेवडे शिकावेत; जळले तर कढई बदलता येते. म्हणून भाच्याला म्हटले, "आधी विचार, हत्यार कोण धरणार, डॉक्टर की मदतनीस? तो शिकला कुठं? मुळं किती काढणार, मागं किती उरणार? बिघडलं तर काय करणार?" बैल घेताना आपण याहून जास्त प्रश्न विचारतो, दातसुद्धा मोजतो.

हे सगळे ऐकून आक्का म्हणाली, "माझं काय मेलीचं! भाकरी दुधात कुस्करून खाईन. पोराचं आधी करा." घरात सगळ्यांना भरून आले. आईचा त्याग आपल्याकडे फार आवडतो, कारण तो इतरांना स्वस्त पडतो.

मला मात्र इथे शरीराचा कायदा आपल्या रीतीपेक्षा सरळ वाटला. स्वतःच्या डोक्यामागचे केस पुढे धरतात. दुसऱ्याचे आणून लावले तर शरीर परके म्हणून त्यांना हाकलून देते. स्वतःकडून उसने घ्यायला त्याची ना नाही. पण आईच्या तोंडचा घास काढून स्वतःच्या कपाळावर लावायचा, म्हणजे परक्या अंगाचे कलम. ते तुझ्या डोक्यावर धरेलही, पण तुला धरवेल का, असे मी भाच्याला विचारले.

तो बराच वेळ टाळूवरून हात फिरवत बसला. मग म्हणाला, "मामा, आईचं आधी करू. माझं पुढच्या बिलाला बघू. एखादी टकलासकट हो म्हणाली, तर तेवढाच खर्च वाचंल."

डॉक्टरांनी आक्काला पहिली अट घातली: आधी मिश्री कायमची बंद, मग दातांची सफाई, मग कलम. आक्का गाडीत बसेपर्यंत गप्प होती. मग मला म्हणाली, "कापाकापीचं कायबी वाटत न्हाई रं. पर ही अट लई अवघड घातली मुडद्यानं."