सीबाने सांगितले, मफीबोशेथास कोणी विचारले?

शास्त्रपाठ : 2 शमुवेल 4:4; 9:1-13; 16:1-4; 19:24-30



योनाथानाचा पुत्र मफीबोशेथ याची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांसही ठाऊक आहे. दावीद राजाने त्यास लो-दबाराहून आणविले, त्याच्या आजोबाची शेते त्यास परत दिली आणि आपल्या मेजावर नित्य जेवावयास बसविले. येथवर सांगून आपण बहुधा थांबतो. परंतु या कथेस एक आरंभ आहे आणि एक शेवटही आहे. त्या दोहोंकडे आज आम्ही मंडळीचे लक्ष लावू इच्छितो.

याचे कारण असे की, आपल्या पुष्कळ मंडळ्यांत एखादे तरी घर असे असते की जेथे एक मूल वयाने वाढते, पण समजुतीने मागे राहते. गावचे लोक त्यास खुळे म्हणतात; सरकारी कागदांवर पूर्वी मतिमंद असे लिहीत, आता बौद्धिक दिव्यांग असे लिहितात. आईबाप आहेत तोवर ते मूल चुलीपाशी वाढते. पुढे बाप थकतो, आई आजारी पडते, भाऊ ऊसतोडीस जातात, आणि कोणी तरी सुचवितो, "पुण्यास अशा लोकांसाठी संस्था आहेत, तेथे ठेवा." मग एके दिवशी त्याचे कपडे पिशवीत भरून त्यास पोहोचविले जाते. अशा आईबापांस आम्ही दोष देत नाही. ज्याने एकदाही त्या मुलाच्या उशाशी रात्र काढली नाही त्याने तर मुळीच देऊ नये. आमचा प्रश्न पुढचा आहे. त्यास तेथे पोहोचविल्यानंतर त्याचा समाचार कोण घेतो?

मफीबोशेथ पायांनी अधू होता, बुद्धीने नव्हता, हे आम्ही विसरलो नाही. तरी तो अधू कसा झाला ते पाहा. पाच वर्षांचा असताना शौल आणि योनाथान लढाईत पडल्याची वार्ता आली, तेव्हा त्याच्या दाईने त्यास उचलून पळ काढला. घाईत तो तिच्या हातून पडला आणि जन्माचा लंगडा झाला. त्या दाईच्या मनात कपट नव्हते. ती त्यास वाचवावयास निघाली होती. पण ती एकटी होती, आणि घाईत होती. संस्थांत जी इजा होते तिचे एक मूळ येथेच असते. रात्री पुष्कळ मुलांमागे एकच बाई, तिलाच कपडे धुवावयाचे, तिलाच भरवावयाचे, तिलाच फिट आलेल्यास धरावयाचे. मग घास घाईने कोंबला जातो आणि ठसका लागतो. ओल्या फरशीवर कोणी घसरतो. औषधाची वेळ चुकते. अशा बाईस शिव्या देणे सोपे आहे. तिच्या जोडीस दुसरी बाई नेमण्यास पैसा लागतो, आणि तो देणारे थोडे असतात.

आता सीबाची गोष्ट. हा सीबा मफीबोशेथाच्या शेतीचा कारभारी होता. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद यरुशलेम सोडून निघाला, तेव्हा सीबा भाकरी, फळे आणि द्राक्षारस लादलेली गाढवे घेऊन त्यास सामोरा गेला. तुझा धनी कोठे आहे असे राजाने विचारता, तो राज्य मिळण्याची आशा धरून मागे राहिला आहे, असे त्याने सांगितले. राजाने तेथल्या तेथे मफीबोशेथाची सर्व मालमत्ता सीबास देऊन टाकली. दावीदासारख्या पुरुषाने, ज्याने योनाथानाशी करार केला होता त्याने, दुसरी बाजू ऐकलीच नाही. कारभारी हजर होता, बोलका होता, आणि हाती भेट घेऊन आला होता. ज्याच्याविषयी बोलणे चालले होते तो दूर होता आणि त्यास चालता येत नव्हते.

प्रियहो, आपल्याच पुणे जिल्ह्यात 1994 साली असे घडले आहे. शिरूर येथे मतिमंद मुलींसाठी सरकारी वसतिगृह होते. त्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात तेथील कित्येक तरुण स्त्रियांस पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढून टाकण्यात आली. त्यांस रोग होता म्हणून नव्हे. मासिक पाळीच्या वेळी त्यांस स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, आणि कर्मचाऱ्यांस ते सांभाळणे जड जाते, असे कारण सांगण्यात आले. वर्तमानपत्रांतून आणि स्त्रियांच्या संघटनांतून मोठा निषेध झाला, तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. त्या वादात अधिकारी बोलले, डॉक्टर बोलले, विरोध करणारे बोलले. ज्यांच्या देहावर शस्त्र चालले त्यांचा शब्द मात्र त्या सगळ्या गलबल्यात ऐकू आला नाही.

त्या वेळी कित्येक भली माणसेही म्हणाली की, यांत वाईट ते काय, त्या बायांचा त्रास तर वाचला. याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. एखाद्या मुलीस स्वच्छता शिकविण्यास महिने लागतात, कधी वर्षे लागतात. जिला शिकता येत नाही तिला दुसऱ्या बाईचा हात लागतो, पाणी लागते, कपडा लागतो. पुण्यात 1964 सालापासून कामायनी संस्था अशा मुलांस शिकवीत आली आहे, तेव्हा त्यांस शिकविता येत नाही असे 1994 साली पुण्यात कोणी म्हणावे हे आश्चर्यच. उणीव त्या मुलींच्या देहात नव्हती, सांभाळणाऱ्या हातांत होती, आणि कापला गेला तो देह. याहून भयंकर गोष्ट अशी की, गर्भाशय काढल्याने कोणाही स्त्रीचे दुष्टापासून रक्षण होत नाही. केवळ दुष्टाचे पाप पोटाने उघड होत नाही, इतकेच.

"तिला काय कळते?" या तीन शब्दांत सगळे अनर्थ दडलेले आहेत, असे आम्हांस पुष्कळ वर्षांच्या भेटीगाठींनंतर वाटू लागले आहे. एका आईने आम्हांस सांगितले की, तिचा मुलगा भेटीच्या दिवशी तिचा पदर सोडीना आणि एका विशिष्ट मनुष्याची चाहूल लागताच भिंतीकडे तोंड करी. तिने विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "त्याला काय कळते, असाच करतो." ती बाई शिकलेली नव्हती, पण आई होती. तिने त्यास त्याच दिवशी घरी आणले. त्या संस्थेचे नाव आम्ही येथे देत नाही.

त्यांस कळते, प्रियहो. पनवेलजवळच्या एका खाजगी बालगृहात अशाच मुलींवर झालेले अत्याचार 2011 साली उघडकीस आले. 2013 साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने गुन्हेगारांस दोषी ठरविले, ते त्या मुलींच्या साक्षी दुभाष्यांच्या साह्याने ऐकून. ज्यांस बोलता येत नाही म्हणून बालगृहात ठेवले होते त्यांनीच न्यायासनापुढे आपली गोष्ट सांगितली, कारण त्यांस विचारावयास कोणी बसला.

दावीदासही उशिरा का होईना ही गोष्ट दिसली. तो परत आला तेव्हा मफीबोशेथ त्यास भेटावयास आला. राजा गेला त्या दिवसापासून त्याने पाय धुतले नव्हते, दाढी सारखी केली नव्हती, वस्त्रे धुतली नव्हती. सीबाने जे सांगितले ते खरे की खोटे हे त्या पायांवर लिहिलेले होते. तरी राजाने काय केले? शेते अर्धी-अर्धी वाटून द्या, असे म्हणून तो मोकळा झाला. आमच्या मते हा निवाडा काही दावीदाच्या कीर्तीस शोभत नाही. थकलेला अधिकारी असेच निवाडे देतो.

आपल्या मिशनच्या इतिहासात दुसरेही एक उदाहरण आहे. 1897 साली पुण्यात प्लेग होता. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन तेव्हा शहरात होते. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांचे रक्षण नीट होत नाही, आपल्या आश्रमातील एका मुलीचा तेथे घात झाला, अशी जाहीर तक्रार त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात केली. गव्हर्नरांनी ती अमान्य केली. एका परित्यक्त मुलीसाठी सरकारचा रोष पत्करावा, हे त्या काळी किती जणांस सुचले असते? रमाबाईंच्या आश्रमांत शेकडो मुली होत्या. तरी एकीचा हिशेब लागत नव्हता तर त्या गप्प बसल्या नाहीत. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातील अनाथांबरोबर आंधळ्या आणि अपंग स्त्रियांनाही त्यांनी जागा दिली, ती याच वृत्तीने.

म्हणून सुवार्तिक बंधूंस आमची विनंती आहे. आपल्या मंडळीतील कोणी अशा संस्थेत असेल तर बाप्तिस्म्याच्या वहीप्रमाणे त्याचेही नाव लिहून ठेवा, आणि भेटीस जा. न कळविता जा. संस्थेस 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे नोंदणीचे प्रमाणपत्र असावे लागते. ते दाखवा म्हणावयास संकोच करू नका, कारण चांगली संस्था ते आनंदाने दाखविते. रात्री जागे कोण असते ते विचारा. स्त्रियांच्या खोल्यांवर बाया आहेत की पुरुष, न्हाणीघरास आतून कडी आहे की नाही, औषधे वहीत लिहून दिली जातात की आठवणीने, हे पाहा. संजय गांधी निराधार योजनेचे त्याचे पैसे कोणाच्या हाती जातात, हेही पाहा. सीबाचे वंशज अद्याप संपलेले नाहीत. मग आपल्या माणसास एकीकडे झाडाखाली घेऊन बसा आणि घाई करू नका. त्याची नखे, दात, अंगावरचे वळ, वजन, डोळे पाहा. त्यास शब्द नसतील तर तो हात धरून नेईल तिकडे जा.

काही वावगे दिसले तर संस्थेच्या चालकाशी भांडून परत येऊ नका. तसे केल्यास मागे राहिलेल्यास त्याचा त्रास होतो. त्याच कायद्याने कोणासही, नातलग नसला तरी, अशी खबर कार्यकारी दंडाधिकाऱ्यास देता येते, आणि तहसीलदार हा असा दंडाधिकारी असतो. मूल अठरा वर्षांखालील असेल तर 1098 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. स्त्रीच्या संमतीवाचून तिला वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार करण्यास हा कायदा मनाई करतो. शिरूरच्या स्त्रियांस हे रक्षण बावीस वर्षे उशिरा मिळाले.

जी संस्था चांगली चालते तिचेही काही देणे आपल्याकडे लागते. माखीराचे नाव आपल्यापैकी किती जणांस आठवते? लो-दबारात मफीबोशेथ याच मनुष्याच्या घरी राहिला होता, राजाचे बोलावणे येण्यापूर्वी, जेव्हा त्यास ठेवून घेण्यात धोकाच होता. पुढे दावीद रानात भुकेला असताना बिछाने, भांडी आणि गहू घेऊन जे आले त्यांतही माखीर आहे. अशी माणसे आजही पुण्यात आणि जिल्ह्यात आहेत. तुटपुंज्या पगारावर रात्र काढणाऱ्या बायाही त्यांत आहेत. त्यांच्याकडे गेलात तर त्यांस काय कमी आहे ते विचारा. नाताळच्या आठवड्यात खाऊ घेऊन पुष्कळ लोक जातात. श्रावणात, कपडे वाळत नाहीत तेव्हा, कोणी जात नाही. त्या दिवसांत जा, एस.टी.चे भाडे मंडळीच्या दानपेटीतून घ्या, आणि दोघांनी जा, त्यांत एक बाई असावी.