डोहाळजेवण आणि ग्लुकोजचा पेला

सातवा महिना लागला की घरात डोहाळजेवणाची गडबड सुरू होते. हिरवी साडी येते, फुलांचे दागिने येतात, ओटीवरचा झोपाळा सजतो. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे येतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, म्हणून टाळ्या. बर्फी निघाली तर कुणीतरी समजूत घातल्यासारखं म्हणतं, "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी." मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्रजंतूवर ठरतं आणि तेही गर्भ राहतानाच ठरून गेलेलं असतं, हे त्या बैठकीत बोलायची सोय नसते.

हौसेला माझा विरोध नाही. पण त्या झोपाळ्यावर बसलेल्या मुलीच्या शरीरात नेमक्या त्याच आठवड्यांत काय चाललंय, हे घरातल्या एकालाही ठाऊक नसावं, याचं वाईट वाटतं. थोडा रागही येतो.

वार म्हणजे बाळंतपणानंतर पुरून टाकायची वस्तू, एवढीच आपली तिच्याशी ओळख. प्रत्यक्षात ती नऊ महिन्यांपुरती निर्माण झालेली एक मोठी ग्रंथीच असते. प्रोजेस्टेरॉन, इस्ट्रोजेन, लॅक्टोजेन अशी संप्रेरकं ती रक्तात सोडत राहते. प्रोजेस्टेरॉनने आतड्यांचे स्नायू सैलावतात, म्हणून छातीत जळजळ आणि बद्धकोष्ठ. रक्तातलं पाणी तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतं, म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा थोडा खाली येतो. तो अकराच्या खाली गेला तर मात्र तिला रक्तक्षय आहे असं समजायचं आणि लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. धाप, थकवा, सारखं लघवीला जाणं, या सगळ्याला घरात "हिचे नखरे" म्हणतात. आम्ही काय बाळंत झालो नव्हतो का, हे वाक्य त्याच्या पाठोपाठ येतंच.

खरी मेख साखरेत आहे. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या पेशी इन्सुलिनला पूर्वीसारखी दाद देईनाशा होतात. निसर्गाचा हेतू चांगलाच आहे: आईने साखर कमी वापरावी आणि बाळाला ती मिळत राहावी. शेवटच्या तिमाहीत इन्सुलिनचा परिणाम निम्म्यावर येतो. त्याची भरपाई म्हणून आईचं स्वादुपिंड दुपटीहून अधिक इन्सुलिन तयार करतं. ज्यांच्या स्वादुपिंडाला हे झेपत नाही त्यांची साखर चढते. जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, अंगाने मोठं होतं. प्रसूती अडते आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकाएकी उतरते. हा सगळा खेळ रंगात येतो चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. म्हणजे साधारण डोहाळजेवणाच्याच सुमाराला. शरीराला साखर पेलणं अवघड झालेलं असताना आपण तिच्यापुढे पेढा आणि बर्फी यांतलं एक निवडायला ठेवतो.

याची तपासणी साधी आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोजची पुडी पेलाभर पाण्यात ढवळायची, पाच-दहा मिनिटांत प्यायची, दोन तास बसायचं आणि रक्त द्यायचं. उपाशीपोटी असण्याचीही अट नाही. आकडा 140 किंवा त्याहून जास्त आला तर गर्भावस्थेतला मधुमेह. केंद्र सरकारच्या सूचनेनुसार ही तपासणी प्रत्येक गर्भवतीची दोनदा व्हायला हवी: पहिल्या भेटीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत. ते पाणी इतकं गुळमट असतं की काहींना मळमळतं. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागतं. वाडीवरून एसटीने आलेल्या बाईला दोन तास बाकावर बसवून ठेवायचं, तर परतीची गाडी चुकते. तिच्याबरोबर कुणी थांबत नाही, आणि तपासणी राहून जाते.

आमच्याकडे कोकणात आणखी एक फट आहे. नवरा मुंबईला, सासर तिथंच, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्यात गावी येते. मुंबईच्या दवाखान्याला वाटतं गावी होईल, गावच्या आरोग्य केंद्राला वाटतं मुंबईत झाली असेल. तपासणीचे नेमके आठवडे या प्रवासात जातात. माता-बाल संरक्षण कार्डावर तो रकाना भरलाय की नाही, हे गाडीत बसण्याआधी बघायला काय हरकत आहे?

शुगर निघालीच तर पुढचा प्रश्न तयार असतो: "आमच्यात कुणाला नाही, हिला कशी?" मुलगी सडपातळ असेल तर रिपोर्टच खोटा ठरवला जातो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांत कमी होतं ते मांस; चरबी बरीचशी शाबूत होती. वरून बारीक आणि आतून चरबीचा हा आपला देह काटकुळ्या बाईलाही मधुमेह देऊ शकतो. यात तिचा कसलाही गुन्हा नाही.

"दोन जिवांची आहेस, दोघांचं खा," असं म्हणणारे हौसेने भात आणि आमरस वाढतात. वाढीव गरज दिवसाला साडेतीनशे कॅलरींची असते. म्हणजे एक भाकरी, वाटीभर आमटी आणि एक अंडं. भाताचा ढीग कमी करून कुळथाचं पिठलं, बांगडा, उसळ वाढवली तर बहुतेकींची साखर आहार आणि चालण्यावरच आटोक्यात राहते. दोन आठवड्यांत नाही राहिली तर औषध किंवा इन्सुलिन, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या टोकाला उपवास. गर्भवती रात्रभर उपाशी राहिली तरी तिची साखर इतरांपेक्षा लवकर उतरते आणि शरीर चरबी जाळू लागतं, कारण बाळाची मागणी रात्रीही थांबत नाही. तिला संकष्टीला दिवसभर उपाशी ठेवून चंद्रोदयानंतर जेवू घालणं हा धर्म नव्हे. साबुदाण्याची खिचडी म्हणजे तर निव्वळ पिष्ट. आणि उपवास नसतानाही सगळ्यांचं उरकल्यावर दुपारी तीनला जेवणारी सून रोजच अर्धा उपवास करत असते. त्याबद्दल कुठल्याच पोथीत पुण्य लिहिलेलं नाही.

आणि या सगळ्यावर लाजेचं पांघरूण. दापोली तालुक्यातल्या मुरुडला जन्मलेल्या र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. स्त्रीच्या शरीराबद्दल उघड बोललं म्हणून खटले सोसले. त्याच जिल्ह्यात आज सुनेची शुगर शेजारणीपासून लपवली जाते.

तेव्हा डोहाळजेवण जरूर करा, पण त्याआधी तिला केंद्रात न्या आणि ते दोन तास नवऱ्याने किंवा सासूने तिच्याजवळ बसून काढा. वार पडली की साखर बहुधा उतरते आणि सगळे विसरून जातात. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो. म्हणून प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी तोच ग्लुकोजचा पेला पुन्हा प्यायचा असतो. बाळाच्या पेंटाव्हॅलंट लशीचा पहिला डोसही सहाव्या आठवड्यातच असतो. त्या दिवशी बाळाला घेऊन जालच, तर आईचंही रक्त तपासून घ्या.