ज्याचं शेत सुकतं

जळगावचा एक तरुण इंजिनिअर गणितात तरबेज होता. खिडकीतून घरात किती उष्णता येते हे सांगणारा प्रोग्राम त्याने एकट्याने लिहिला. काचेचा प्रकार, खिडकीची दिशा आणि छज्ज्याची लांबी भरली की आकडा मिळे. कोड मात्र तो कुणाला दाखवत नसे. "चार हात लागले की काम बिघडतं," असं तो म्हणे.

धुळ्याच्या मित्राने याच प्रोग्रामवर विसंबून घर बांधलं. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरेसा आहे, असं उत्तर आलं होतं. मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या खोलीत बसवेना.

मित्राचे आजोबा आप्पा पूर्वी पांझरा नदीकाठच्या फडावर, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामायिक पाटपाण्यावर, पाटकरी होते. तरुण घर पाहायला आला तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, बाराचं ऊन डोक्यावर असतं. चारचं ऊन तिरपं येतं आणि छज्ज्याखालून घरात शिरतं."

तरुण चपापला. त्याने छज्ज्याची सावली मध्यान्हीच्या सूर्यावरून काढली होती आणि तीच दिवसभर धरली होती. साध्या एकेरी काचेतून तर उन्हाची ऐंशी टक्क्यांहून अधिक उष्णता आत येते.

आप्पा पुढे म्हणाले, "फडाचं पाणी पाटकरी सोडतो, राखण जागल्या करतो, देखरेख हवालदाराची. पण पाट सगळे शेतकरी मिळून साफ करतात. आणि पाट कुठे फुटला, ते ज्याचं शेत सुकतं त्याला आधी कळतं."

तरुणाने कोड सर्वांसाठी खुला केला. जळगावच्या एका विद्यार्थिनीने सूर्याचा हिशेब तासातासाने मांडून दिला. सुताराने चौकटीभोवतीच्या फटी दाखवल्या. तिथून येणाऱ्या गरम वाऱ्यासाठी प्रोग्राममध्ये रकानाच नव्हता. मित्राची आई म्हणाली, "आतल्या पडद्यापेक्षा बाहेर चटई टांगली की खोली गार राहते." तेही खरंच होतं. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडद्याने अडवलेली उष्णताही बरीचशी खोलीतच राहते. सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर प्रोग्रामने त्याच खिडकीला बाहेरून आडोसा सुचवला.

मोठ्या जगातही हीच रीत आहे. अमेरिकेतल्या बर्कली प्रयोगशाळेच्या आंतरराष्ट्रीय काचसूचीत कंपन्या आपापल्या काचांची मोजमापं पाठवतात आणि ती इतर कंपन्या तपासतात. इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब करणाऱ्या 'एनर्जीप्लस'चा कोडही कुणालाही वाचता येतो. भारतात 2018 च्या 'इको निवास संहिते'ने घरांच्या भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घातली आहे. ती पाळायची तर हिशेब चोख हवा.

तात्पर्य : ज्या हिशेबावर लोकांची घरं उभी राहतात, तो लोकांना तपासू द्यावा. चूक दाखवणारा माणूस आपलं काम बिघडवत नाही, पुरं करतो.