शून्य आणि पस्तीस

ब्रह्मगिरीवर कोसळणारा पाऊस समुद्राचाच असतो, मीठ तेवढं समुद्राने ठेवून घेतलेलं असतं. डहाणूचा किनारा ब्रह्मगिरीच्या पायथ्याच्या त्र्यंबकेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि आषाढ-श्रावणात गाव धुक्यात बुडून राहतं. डोंगराच्या पश्चिम अंगाचं पाणी वैतरणेतून पुन्हा त्याच समुद्राला मिळतं. पूर्वेकडचं पाणी गोदावरी होऊन 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागरात जातं. जाताना ते काळ्या कातळातले क्षार विरघळवून नेतं, पण इतके थोडे, की त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडावर ओंजळ तोंडाला लावणाऱ्याला ते जाणवत नाहीत. जगभरच्या नद्यांनी कोट्यवधी वर्षं हेच केलं. समुद्रातलं सोडियम मुख्यतः असं खडकांतून आलं आणि क्लोरीन पृथ्वीच्या पोटातल्या वायूंमधून.

अशा गावात कुणी घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तर तिथेही हाच नियम चालतो. वाफ होऊन जातं ते पाणी. मीठ कुठेच जात नाही. चैत्र-वैशाखात टाकीतली पातळी उतरते तसा खारेपणा चढतो, म्हणून घट भरून काढायची ती गोड्या पाण्याने. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा घट कमी. माशांना मूत्रपिंडं असतात, ते थोडा चढउतार सोसतात. तारामाशाला ती सोय नाही. त्याच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच खारं असतं, त्यामुळे आपल्या मापातली चूक थेट त्याच्या शरीरात उतरते.

माप घ्यायचं साधन बहुतेकांकडे रिफ्रॅक्टोमीटर असतं. काचेवर दोन थेंब टाकायचे, झाकण अलगद टेकवायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, अर्धा मिनिट थांबायचं आणि उजेडाकडे धरून पाहायचं. वर निळं, खाली पांढरं; दोहोंमधली रेघ पट्टीवर जिथे येते तो आकडा. वापरण्याआधी शुद्ध पाणी टाकून रेघ शून्यावर आणायची, एवढंच बहुतेक जण करतात. माझ्या मते खरी गफलत इथेच होते. बाजारातल्या कित्येक रिफ्रॅक्टोमीटरांची पट्टी साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेटही असतात आणि ते पाणी प्रकाश थोडा वेगळा वाकवतं. दर किलोला 35 ग्रॅम क्षारांचं समुद्रजल अशा पट्टीवर साडेछत्तीसच्या आसपास दिसतं. शून्यावर मात्र मिठाची आणि समुद्रजलाची पट्टी तंतोतंत जुळतात. शून्य बरोबर आलं म्हणजे पस्तीसही बरोबर, ही खात्री कुठून आली?

आँत्वान बोमे या फ्रेंच औषधनिर्मात्याने 1768 मध्ये द्रवाची घनता मोजणारं आपलं तरंगतं मापक आखलं, तेव्हा शून्यावर न थांबता दोन खुणा धरल्या: शुद्ध पाण्यात 0 आणि शेकडा 15 मिठाच्या द्रावणात 15. त्याच बोमेच्या अंशांवर मिठागरांचं काम चालतं. समुद्राचं पाणी साधारण 3 अंशांचं, आणि 25 च्या पुढे मीठ खाली बसू लागतं. तरंगत्या मापकाला तापमानही विचारावं लागतं. तेच 35 चं पाणी 15 अंश सेल्सियसला 1.026 घनतेचं, तर 25 अंशांना 1.0233. एवढा फरक साडेतीन ग्रॅम मिठाइतका आहे.

वाटेल, त्यापेक्षा पाणी आटवावं आणि उरलं ते तोलावं. पण पूर्ण कोरडं करताना मॅग्नेशियम क्लोराइड स्वतःच मोडतं आणि वजन चुकतं. या अडचणीमुळे डॅनिश शास्त्रज्ञ मार्टिन क्नुडसेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगनमधून प्रमाणित समुद्रजलाच्या सीलबंद नळ्या जगाला पुरवायची पद्धत घालून दिली. त्याचे तक्ते 1901 सालचे. जगातल्या प्रयोगशाळा आपलं पाणी त्या एका पाण्याशी ताडून पाहू लागल्या. 1978 मध्ये खारेपणा विद्युतवाहकतेवर बांधला गेला, तेव्हाही मुळाशी पोटॅशियम क्लोराइडचं एक ठरलेलं द्रावण ठेवावं लागलं. समुद्रशास्त्राचं इतकं मोठं काम शेवटी एका विश्वासू पाण्यावर उभं आहे, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

त्र्यंबकला शून्य आकाशातून मिळतं, पस्तीस मात्र घडवावं लागतं. ते घरी जमतं. शुद्ध, कोरडं सोडियम क्लोराइड 36.5 ग्रॅम आणि डिस्टिल्ड वॉटर 963.5 ग्रॅम, दोन्ही तोलून. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, म्हणून आधी ते तापवून सुकवावं. या द्रावणाचे दोन थेंब काचेवर टाकले की रेघ 35 वर यायला हवी; येत नसेल तर स्क्रू फिरवून तिथे आणावी. हे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरपुरतंच आहे, वाहकता मोजणाऱ्या यंत्राला वेगळं द्रावण लागतं. टाकी मांडणार असाल तर मासे आणण्याआधी त्या मिठाच्या द्रावणाची एक बाटली भरून, घट्ट बूच लावून ठेवा.