शॉकर गळतोय, नुसतं पुसून चालणार नाही

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले 24 गुरू सांगितले. त्यांत पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे. आणि बाण घडवण्यात गढून गेलेला एक साधा कारागीरही आहे. त्या कारागिराने काही प्रवचन केलं नव्हतं. तो आपलं काम करत होता, शिकायचं ते अवधूतांनी शिकून घेतलं. त्याच वाटेने आज आपण एका मिस्त्रीच्या कामातून थोडं शिकू या.

दत्तजयंतीची भांडी, शेगड्या, सतरंज्या, शिधा, सगळं ज्या पिकअपमधून येतं, ज्याला आपण इथे ‘लोडिंग’ म्हणतो, तिच्या मागच्या उजव्या चाकापाशी तेलाचा ओघळ दिसला. मिस्त्रीने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, “शॉकर गेला.” महाराष्ट्रात त्यालाच शॉकअप म्हणतात. उत्सव तोंडावर, खर्च डोक्यावर. साहजिकच कुणीतरी म्हणालं, “गाडी चालतेय ना? सध्या पुसून घ्या, उत्सवानंतर बघू.” पण गाडी चालते म्हणजे गाडी ठीक आहे, असं नसतं. शॉकर मेला की चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उडत राहतं. उडणारं चाक ब्रेक लावल्यावर रस्ता पकडत नाही, गाडी लांब जाऊन थांबते. भरलेला माल वळणावर झुलतो. खासगी बाजारात गल्ली केवढी, त्यात शाळेतून सुटलेली मुलं किती, हे आपल्याला माहीत आहे. गाडी चालवणाराही कुणाचा तरी मुलगा आहे. म्हणून आधी शॉकर, मग मांडवाची झालर, असं ठरलं. प्रसाद पोचवणाऱ्या गाडीने कुणाला इजा होऊ नये, ही सुद्धा सेवाच.

आता यातलं निरूपण बघा.

*पाटा आणि शॉकर*

पिकअपच्या मागे पाटे असतात, इथले मिस्त्री त्यांना कमानी म्हणतात. गाडीचं ओझं पाटे पेलतात. खड्डा आला की पाटा दबतो आणि धक्का झेलतो. पण पाट्याचा एक स्वभाव आहे: दबला की तो उसळतो, उसळला की पुन्हा दबतो. खड्डा एकच, पण गाडी चार-पाच वेळा डुलते. हे डुलणं थांबवायचं काम शॉकरचं. त्याच्या नळीत तेल असतं, आत दांड्याला लावलेली दट्ट्या असते, आणि दट्ट्याला बारीक छिद्रं. गाडी उसळू लागली की तेलाला त्या छिद्रांतून जावं लागतं. वाट अरुंद, त्यामुळे उसळीचा जोर तिथेच मोडतो. म्हणजे ओझं पेलणारा वेगळा, आणि उसळी शांत करणारा वेगळा.

आपल्यापैकी पुष्कळांकडे पाटे भक्कम आहेत. नोकरी, आजारपण, कर्ज, म्हातारे आईवडील, सगळं आपण पेलतो. पण एक शब्द कुणी बोललं की तो तीन दिवस मनात उसळत राहतो. नणंद लग्नात बोलली 2009 साली, आणि तो धक्का आजही दर दिवाळीला बसतो! खड्डा केव्हाच मागे गेला, गाडी अजून डुलतेय.

साधनेच्या षट्संपत्तीत शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी सहा नावं आहेत. त्यांतली तितिक्षा म्हणजे सहन करणं, एवढंच आपण धरून बसतो. पण आद्य शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या विवेकचूडामणीत तिचा अर्थ आणखी बारकाईने सांगितलाय: दुःख सोसायचं, उलट वार करायचा नाही, आणि त्याबद्दल चिंता किंवा विलापही करत बसायचं नाही. सोसणं हा पाटा झाला. विलाप न करणं हा शॉकर. नुसतं सोसून मनात तेच तेच घोळवत राहिलो, तर ती तितिक्षा अर्धीच.

पैठणच्या नाथमहाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. स्नान करून येताना एकजण त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकायचा आणि ते पुन्हा पुन्हा गोदावरीत उतरायचे. लोक मोजतात किती वेळा थुंकला ते. आपण हे बघू या, की दर वेळी वर येताना मागचा राग त्यांच्यासोबत वर येत नव्हता. तो गंगेतच संपत होता.

*तापतो तो कोण?*

मिस्त्रीने आणखी एक खूण सांगितली. खराब रस्त्यावरून बराच वेळ गाडी चालवून आणली की चांगला शॉकर हाताला गरम लागतो. निकामी झालेला त्या मानाने थंड राहतो. कारण उसळीचा जोर नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. ती शॉकर स्वतःत घेतो आणि हळूहळू वाऱ्यावर सोडतो.

आपल्या घरात असा कोण आहे, जरा आठवा. बापलेकाचं वाजलं की मध्ये पडणारी आई असेल. सासू-सुनेच्या मधला मुलगा असेल. कधी सगळ्यांचं ऐकून घेणारी थोरली सून असेल. घर गुळगुळीत चालतं ते त्यांच्यामुळे, आणि आत तापतात तेही तेच. गाडीचा शॉकर चालता वारा लागून निवतो. या माणसांना वारा कोण घालतं? गुरुमाऊली नेहमी सांगतात की घरातल्या शांत माणसाची चौकशी आधी करावी. “तू बस, आज मी करतो,” एवढं वाक्य सुद्धा पुष्कळ गारवा देतं.

*गळती कशी ओळखायची*

शॉकर एका दिवसात जात नाही. तेल थेंबाथेंबाने जातं, आणि चालवणाऱ्याला डुलण्याची सवय होते. त्याला वाटतं, रस्ताच वाईट आहे. घरातही असंच होतं. चिडचिड रोज थोडी थोडी वाढते आणि आपण म्हणतो, माणसंच वाईट आहेत. म्हणून तपासून बघावं लागतं. रिकाम्या उभ्या गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. एक-दीड हेलकाव्यात गाडी स्थिर झाली तर बरं, डुलतच राहिली तर मिस्त्रीकडे न्या. दांड्यापाशी नुसता ओलसरपणा असेल तर घाबरू नका, थोडा असतोच. नळीवरून तेल ओघळत असेल तर मात्र वेळ घालवू नका. तसंच, कधीतरी राग येणं हा नुसता ओलसरपणा आहे. रोज ओघळ दिसू लागला, तर जागं व्हायचं.

ओघळ पुसल्याने तेल आत परत जात नाही. पाहुण्यांसमोर हसून दाखवणं आणि ग्रुपवर फुलांचं चित्र टाकणं, हे पुसणंच झालं. पिकअपचा शॉकर सीलबंद असतो, त्यात वरून तेल भरता येत नाही, तो बदलावाच लागतो. इथे मात्र आपण गाडीपेक्षा भाग्यवान. मनाला रोज तेल घालता येतं, नामाचं.

शॉकर बदलताना डावा-उजवा दोन्ही बदलतात. एक नवा आणि एक जुना ठेवला तर दोन्ही बाजू सारख्या वागत नाहीत. घरात समजूत घालतानाही सुनेलाच उपदेश आणि मुलाला माफी, असं करू नये. दोन्ही बाजूंना बसवून बोलावं. आणि टायर ठिकठिकाणी खाल्लेला दिसला तर दोष टायरचा असेलच असं नाही. मूल अबोल झालं, अभ्यासातून मन उडालं, तर त्याला रागावण्याआधी घराचे शॉकर बघावेत.

*एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी*

शॉकर कितीही चांगला असला तरी तो खड्ड्यांसाठी आहे, गाडी दरीत घालण्यासाठी नाही. क्षमतेपेक्षा दुप्पट माल भरून “नवा शॉकर आहे, काही होत नाही” म्हणणं चूक आहे. तसंच, कुणाला मारहाण होत असेल, दारूपायी घर उद्ध्वस्त होत असेल, पैशासाठी छळ होत असेल, तर त्या बहिणीला किंवा भावाला तितिक्षेचा उपदेश करू नका. तिथे गाडी थांबवायची, माणसाला खाली उतरवायचं, गरज पडली तर पोलिसांची मदत घ्यायची. सहनशीलतेच्या नावाखाली अन्यायाला जागा देणं ही गुरूंची शिकवण नाही.

*या सप्ताहाचा अभ्यास*

1. कुणाचा बोचरा निरोप आला तर लगेच उत्तर नको. एक माळ जप, मग उत्तर.
2. एक जुना धक्का निवडा आणि त्याची गोष्ट या आठवड्यात कुणालाही पुन्हा सांगू नका.
3. घरातल्या शांत माणसाजवळ रोज दहा मिनिटं बसा. सल्ला नको, फक्त ऐका.
4. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी उत्सवाआधी शॉकर, टायर आणि ब्रेक दाखवून घ्यावेत. सामानाच्या हौद्यात माणसं बसवू नयेत, मुलं तर नाहीच नाही.

रस्ता गुळगुळीत व्हावा असं मागणं आपण रोजच मागतो. या वेळी दत्तचरणी एवढं मागू या: खड्डा आला तर त्याचा धक्का एकदाच बसो, आणि आपल्यामुळे मागे बसलेल्यांना तो न बसो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त 🙏

खासगी बाजार, लष्कर, ग्वाल्हेर येथील गुरुबंधू-भगिनी
(आपापल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा. ज्येष्ठांना वाचून दाखवा.)